बारा पेनींची बाकी

फोटोत मी हसतेय. जावयाने मोबाइल रोखला, "आई, जरा हसा ना," म्हणाला आणि मी हसले. कुणी फोटो काढायला लागलं की दात दाखवायचे, हे आता अंगवळणीच पडलंय. मागे एक लहानसं घर आहे, रस्त्याला अगदी खेटून. कडेला कचऱ्याचा हिरवा चाकवाला डबा, खिडकीला पांढरा पडदा. माझ्या डोक्याच्या वर, थोडी तिरकी, एक पाटी दिसते. लेकीने तो फोटो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. नाशिकच्या वहिनींचं उत्तर आलं, "किती गोड घर!" मग तीन बदाम, एक हात जोडलेला. त्या रात्री कोल्चेस्टरमध्ये लेकीच्या घरी अंथरुणावर पडून मी फोटो बोटांनी मोठा केला. पाटी वाचता येत होती. ही गावाची जुनी कोठडी, अर्सुला केम्प हिला चेटकीण ठरवून १५८२ साली फाशी दिलं, त्याआधी तिला इथे कोंडलं होतं, आणि कोठडीचा शेवटचा वापर १९०८ साली झाला, अशा अर्थाच्या चार ओळी. त्यांच्याखाली मी, अंगात लेकीचा उसना स्वेटर, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या पंगतीत शोभावं असं हसू. आणखी एक गोष्ट होती, ती फोटोत आली नव्हती. फोटो काढताना आतून कुणीतरी तो पांढरा पडदा हलकेच ओढून घेतला होता.

सेंट ओसिथ हे इसेक्स परगण्यातलं, समुद्राजवळचं गाव. जुने लोक त्याला 'टूझी' म्हणतात. आपल्याकडे बोलण्यात गावांची नावं झिजतात त्यातलाच प्रकार. आम्ही गेलो होतो तिथली प्रायरी, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ, बघायला. तिचा पंधराव्या शतकातला दरवाजा गारगोटी आणि पांढऱ्या दगडाच्या चौकटींनी असा मढवलाय, की कुणीतरी बुद्धिबळाचा पट उभा करून ठेवलाय असं वाटावं. गावाला नाव जिच्यावरून पडलं ती संत ओसिथ मुंडकं उडवल्यावर ते हातात घेऊन चालत गेली, अशी दंतकथा आहे. पण मला सगळ्यात गंमत वाटली ती पावसाची. इंग्लंड म्हणजे बारमाही भिजपाऊस ही आपली समजूत, आणि हे गाव तिथल्या सगळ्यात कोरड्या जागांपैकी एक. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. आमच्या माणदेशात दुष्काळी म्हणून ज्याची नोंद होते, त्याच तोलाचा पाऊस. फरक एवढाच, की तिथे तो वर्षभर पुरवून पुरवून पडतो, म्हणून सगळं हिरवं. मी माणदेशातली. पावसाचा आकडा ऐकला की माझ्या घशाला उगाच कोरड पडते.

अशा कोठडीला इसेक्समध्ये 'केज' म्हणतात. म्हणजे पिंजरा. दुसऱ्या परगण्यांत 'आंधळं घर' हेही नाव आहे, कारण खिडकी नसते. एक खोली, जाड दार, श्वासापुरती भोकं. अशा बहुतेक खोल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या. त्यांत पडायचे ते मुख्यतः दारुडे. रात्रभर ठेवायचं, सकाळी उतरली की सोडायचं, गुन्हा मोठा असेल तर न्यायाधीशाकडे पाठवायचं. लेकीच्या गाडीतून नंतर आणखी दोन पाहिल्या. ब्रॅडवेलची १८१७ ची विटांची, चर्चच्या आवारालगत. टोल्सबरीची लाकडी फळ्यांची, आमच्याकडचा शेतातला कडबा ठेवायचा खोपटा असावा तशी. तिकडे दक्षिणेला स्वॉनेज गावात १८०३ च्या कोठडीवर तर कोरूनच ठेवलंय, की दुष्टपणा आणि दुराचार आटोक्यात राहावा म्हणून धर्माच्या नि सुव्यवस्थेच्या मित्रांनी ही उभारली. इसेक्सचं पोलिसदल १८४० साली उभं राहिलं, पुढे १८५६ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला पोलिस ठेवणं भाग पडलं, ठाणी आली, आणि या खोल्या हळूहळू रिकाम्या झाल्या. कुठे कोळसा ठेवला, कुठे बागकामाची हत्यारं. सेंट ओसिथमध्ये मात्र कोठडी घरातच सामावून गेली. म्हणजे आता लोक तिथे झोपतात, चहा करतात, टीव्ही बघतात. काही वर्षांपूर्वी ते घर 'इंग्लंडमधलं भुताटकीचं घर' म्हणून पेपरांत गाजत होतं, लोक पैसे मोजून रात्रभर भूत शोधायला राहत होते, विकायला काढलं तरी कितीतरी काळ गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

भुताचं मला काही वाटलं नाही. पडद्याचं वाटलं.

कोल्चेस्टरच्या वाचनालयात लेकीच्या कार्डावर मी त्या खटल्याबद्दल वाचायला बसले. खटला झाला त्याच वर्षी, १५८२ मध्ये, साक्षी-जबान्यांची एक पुस्तिका छापली गेली होती, तिचा मजकूर मिळाला. जुनी इंग्रजी, शब्दांची वळणं वेगळी, पण मी तीस वर्षं झेडपीच्या शाळेत पोरांची अक्षरं लावली आहेत, हेही लावलं. अर्सुला गरीब बाई. बाळंतिणींची कामं करायची, आजारी माणसांवर उपाय करायची. शेजारच्या ग्रेस थर्लोचा मुलगा आजारी पडला तेव्हा अर्सुला आली, त्याचा हात हातात घेतला, "बाळा, केवढं ओझं झालंय तुला," असं काहीसं पुटपुटली, दाराबाहेर गेली, परत आली, पुन्हा तेच. तीनदा. त्या रात्री पोर शांत झोपलं. पुढे ग्रेसला मुलगी झाली. तिला सांभाळायचं काम आपल्याला मिळेल अशी अर्सुलेची आशा होती, ग्रेसने ते दिलं नाही. काही महिन्यांनी ती मुलगी पाळण्यातून पडून गेली. मग ग्रेसचे पाय आखडून धरले. अर्सुला म्हणाली, मी बरं करीन, बारा पेनी घेईन. पाय सुटले. चारपाच आठवडे ग्रेस बरी होती. अर्सुला पैसे मागायला आली तर ग्रेस म्हणाली, मी गरीब, माझ्याकडे पैसे नाहीत. बरं, मग थोडं चीज दे, अर्सुला म्हणाली. चीजही नाही. तेव्हा अर्सुला चिडून बोलून गेली, बघून घेईन. आणि ग्रेसचे पाय पुन्हा धरले.

खटला याच्यावर उभा राहिला. बारा पेनी, नाहीतर चीजचा तुकडा.

अर्सुलेचा उपायही त्या कागदांत आहे. तो तिला वीली गावच्या एका बाईने शिकवला होता. डुकराची विष्ठा आणि एक रानभाजी एकत्र करून डाव्या हातात धरायची, उजव्या हातात सुरी घेऊन तिला तीनदा टोचायचं, मग ते सगळं विस्तवात टाकायचं. सुरीने मेजाच्या खालून तीन टोचे मारायचे आणि सुरी तिथेच रोवून ठेवायची. नंतर सेज नावाच्या झुडपाची तीन पानं आणि एक औषधी पाला एलमध्ये, म्हणजे एका जातीच्या बिअरमध्ये, टाकून रात्री झोपताना नि सकाळी उठल्यावर प्यायचं. वाचता वाचता माझ्या नाकात मिरचीचा खाट शिरला. खरंच. डाव्या हाताच्या मुठीत मीठ-मोहरी, सात सुक्या मिरच्या, केरसुणीची काडी, उंबऱ्याबाहेरची माती. आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची, भुताखेताची म्हणत तीनदा ओवाळायचं आणि चुलीत टाकायचं. ठसका आला नाही तर दृष्ट जबर. आमच्या गावात हे प्रत्येक आईला येत होतं, पण जबर दृष्टीसाठी माणूस ठरलेलं असायचं. वरच्या आळीत एक म्हातारी राहायची, नवरा नाही, लेक पुण्याकडे दिलेली. आम्ही पोरं तिला काकू म्हणायचो. तिच्या तळहाताला कायम मोहरीचा वास. ती तोंडावरून हात फिरवायची तेव्हा तो खरखरीत हात आणि तो वास मिळून डोळे आपोआप मिटायचे.

बहात्तरच्या दुष्काळात माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा होता. आई नाल्याच्या कामावर जायची, दादा खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो. त्या लाल अमेरिकन ज्वारीची भाकरी थापताना फाटायची, गिळताना घशाला चिकटायची. भाऊ आठ दिवस रडत होता, पोट धरून. दवाखाना तेरा किलोमीटरवर. काकू आली, तीनदा आत-बाहेर केलं, ओवाळलं, ओव्याचं पाणी पाजलं. भाऊ झोपला. ओव्याने झोपला असेल, दमून झोपला असेल, काय सांगावं. दोन दिवसांनी काकू परत आली. "बाय, दोन मुठी मिलो दे," म्हणाली. आई म्हणाली, "न्हाई गं, मडकं रिकामंय." मी तिथेच बसले होते. उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात मिलो होता. सकाळी मीच ओतला होता, हात घालून तळ चाचपला होता, चारेक पायली तरी असेल. आईने माझ्याकडे बघितलं नाही. काकूने रिकामा पदर नीट खोचला आणि जाताना काहीतरी बोलली. शिवी नव्हती ती. "असू दे, बघते मी" असलं काही. "बघते मी" म्हणजे दुसऱ्या घरी बघते, असाच त्याचा अर्थ असणार, हे मला आता वाटतं. तेव्हा आईने तसा घेतला नाही. चार दिवसांत आमची म्हैस आटली. त्या वर्षी गावातली निम्मी जनावरं मेली होती, उरलेली छावणीत होती, आणि आईला आमची म्हैस काकूच्या नजरेने आटलेली दिसली. टँकरच्या रांगेत ती शेजारणीला एवढंच म्हणाली. एकच वाक्य.

पुढे अमक्याचं वासरू, तमकीचा गर्भ, कुणाचा ताप, सगळं काकूच्या खात्यावर चढत गेलं. तिची घागर रांगेत मागे सरकायला लागली. आम्हाला बजावलं गेलं, तिने दिलेलं काही खायचं नाही. आणि एका दुपारी गावातल्या चार मोठ्या माणसांनी तिला चावडीवर बसवलं. आमच्या चावडीलाही एक कोठडी होती. गजांचं दार, आत अंधार. जुन्या काळी पाटील तिथे चोर डांबायचा, तिच्यात खोडा होता, असं म्हातारे सांगायचे. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलिस कायद्याने पोलिस पाटलाला किरकोळ गुन्ह्यांसाठी माणूस चावडीत अडकवून ठेवण्याचा अधिकारच होता. माझ्या लहानपणी तिथे ब्लिचिंग पावडरचे डबे आणि फाटकी ताडपत्री असायची. काकूला आत कोंडलं नाही. बाहेरच्या पायरीवर बसवलं, उन्हात. विचारत होते, काय करतेस, कुणाकडे शिकलीस. ती मान हलवत होती. ब्लिचिंगचा वास येत होता. आम्ही पोरं लिंबाखाली उभी होतो आणि, लिहायला लाज वाटते, पण आम्हाला मजा वाटत होती. ऊन उतरलं तेव्हा तिला जा म्हणाले. ती उठली तर पाय धरलेले. तिला उठवायला कुणी पुढे झालं नाही.

मोठी झाल्यावर मी चळवळीतली भाषणं ऐकली, शाळेत चमत्कारांमागचं विज्ञान शिकवलं, २०१३ मध्ये आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा पोरांना समजावून सांगितला. अमकी बाई करणी करते म्हणून तिचं जगणं अवघड करणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. या सगळ्यात मला वरच्या आळीची काकू एकदाही आठवली नाही. ती आठवायला मला कोल्चेस्टरच्या वाचनालयात जाऊन डुकराच्या विष्ठेचा उपाय वाचावा लागला. माणसाचं डोकं ही मोठी चलाख उतरंड आहे. नको ते खालच्या मडक्यात.

इंग्लंडात चेटकिणींना जाळत, असं आपण धरून चालतो. तिथे फाशी देत. १५६३ चा कायदा असा होता, की जादूने माणूस मारल्याचं सिद्ध झालं तर मृत्युदंड, नाहीतर पहिल्या वेळी वर्षभर कैद. सेंट ओसिथची चौकशी ज्याने केली त्या ब्रायन डार्सीला हे ठाऊक असणारच, तो न्यायाधीश होता, प्रायरी ज्यांच्या ताब्यात होती त्या डार्सी घराण्यातला. त्याने अर्सुलेला सांगितलं, कबूल करतील त्यांच्यावर मेहेरनजर होईल, न करतील ते जळतील आणि फासावर जातील. जाळण्याची धमकी खोटी, मेहेरनजरही खोटी. अर्सुला गुडघ्यांवर बसून रडली आणि तिने सगळं कबूल केलं. नुसतं स्वतःचंच नाही, इतर बायकांची नावंही सांगितली, त्यांनी आणखी सांगितली. डझनभराहून अधिक बायका गोवल्या गेल्या. चेम्सफर्डला खटला चालला आणि अर्सुलेसोबत एलिझाबेथ बेनेट नावाच्या बाईला फाशी झाली. पण या सगळ्यात माझं मन जिथे अडकून राहिलं ती साक्ष अर्सुलेच्या मुलाची. थॉमस, वय आठ किंवा त्याच्या आसपास. तो म्हणाला, माझ्या आईकडे चार भुतं आहेत. एक करडं मांजर, एक काळं मांजर, एक काळा बेडूक, एक पांढरं कोकरू. त्यांची नावंसुद्धा त्याने सांगितली. आई त्यांना बिअर आणि पांढरा पाव देते, म्हणाला. आठ वर्षांच्या पोराला मोठी माणसं प्रश्न विचारायला बसली की ती काय ऐकू इच्छितात हे त्याला बरोबर कळतं, हे मी शाळेत हजारदा पाहिलंय. आणि पांढरा पाव! ज्या घरात बारा पेनी मिळेनात तिथे करड्या मांजराला पांढरा पाव. पोराने आपल्या मनातलं सगळ्यात चविष्ट खाणं भुतांच्या पानात वाढलं असणार.

त्या दुपारी लिंबाखाली मला कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. मलाही एक करडं मांजर ठाऊक होतं, काकूच्या ओसरीवर झोपणारं.

गावाने अर्सुलेला त्यानंतरही सुखाने राहू दिलं नाही. १९२१ मध्ये तिथल्या एका परसात दोन सांगाडे निघाले, सांध्यांत लोखंडी खिळे ठोकलेले. मालकाने लागलीच ठरवलं की यातली एक अर्सुला, आणि तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली. मग तो सांगाडा कॉर्नवॉलमधल्या चेटूकविद्येच्या संग्रहालयात लटकला, तिथून रॉबर्ट लेन्केविच नावाच्या चित्रकाराच्या संग्रहात गेला. तज्ज्ञांनी तपासला तेव्हा तो एका तरुण पुरुषाचा निघाला. २०११ साली त्याला सेंट ओसिथमध्ये परत आणून पुरलं. म्हणजे नव्वद वर्षं एक अनोळखी पुरुष चेटकीण म्हणून मिरवत होता. आता घराच्या भिंतीचंही तसंच असेल. पाटीवरची प्रत्येक ओळ, त्या विटा, ती १५८२ची रात्र, इतिहासाच्या तराजूत किती भरेल ते भरो. लोकांना उभं राहायला एक जागा लागते. मलाही लागली.

परतीच्या आदल्या आठवड्यात मी एकटीच बसने पुन्हा सेंट ओसिथला गेले. या वेळी मोबाइल पिशवीत ठेवला. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, रस्त्यापलीकडून, वाचत नाहीये असं दाखवत. कचऱ्याचा दिवस असावा. घरातून एक बाई बाहेर आली, चपला घालून, ओल्या केसांनी, आणि रिकामा डबा ओढत आत न्यायला लागली. मला बघून थबकली. तिला वाटलं असणार, आली आणखी एक. "मॉर्निंग," ती म्हणाली. मीही म्हणाले. मला तिला सांगायचं होतं की मी भुतासाठी आले नाहीये, पण मग कशासाठी आलेय हे इंग्रजीत सांगता येईना, मराठीतही आलं नसतं. डब्याची चाकं फरशीवर खडखडली, दार लागलं, थोड्या वेळाने आत किटलीची शिट्टी की काहीतरी वाजलं. गार वारा खाडीवरून येत होता, चिखलाचा आणि मिठाचा वास. मी बसथांब्यावर येऊन बसले, आणि तिथून आईला फोन लावला.

आई आता सत्त्याऐंशीची आहे, साताऱ्याला भावाकडे असते. ऐकू कमी येतं, पण गोष्ट सांगा म्हटलं की कान उघडतात. "फोटोतलं घर कुणाचं गं?" तिनेच विचारलं. मी म्हटलं, ही इथली जुनी चावडी समज. आणि मग, का कुणास ठाऊक, सगळं सांगितलं. पोराला बरं करणारी बाई, तीनदा आत-बाहेर, बारा पेनी, चीज, धरलेले पाय. चीज म्हणजे काय तेही समजावलं. आई मध्ये मध्ये "अगं बाय" म्हणत होती. मला वाटत होतं, आता ती गप्प होईल. आता तिला आठवेल. मी हळूच विचारलंही, "वरच्या आळीची काकू आठवते का गं तुला?" आई लगेच म्हणाली, "न आठवायला काय झालं! लई गुणाची. दृष्ट काढावी तर तिनंच. तुझ्या भावाला तिनंच उठवला की बहात्तर साली. मग लेकीकडं गेली ती तिकडंच ऱ्हायली." एवढंच. आवाजात कुठे खडा नाही. मी बसच्या वेळा लिहिलेल्या फळ्याकडे बघत राहिले.

"मग त्या बाईला दिलं का न्हाई ते चीज?" आईने विचारलं.

"नाही दिलं."

"बघ," आई म्हणाली. "लोकं कशी असत्यात."

आणि मग तिने विचारलं, तिकडं पाऊस आहे का.